मास्तरची नजर

शालिग्रामनं मास्तरला लांबूनच पाहिलं आणि गुरं वळवली.

इंद्रभान पळसाखाली बसला होता. मांडीवर फळी, फळीला टाचलेला करडा कागद, शेजारी खडूंची उघडी पेटी. टेकाडीची गुरं रोज याच उतारानं यायची, खडकातल्या हाळावर पाणी प्यायची आणि ऊन कलेपर्यंत तिथंच रेंगाळायची. आज पुढची गाय उतारावर आली मात्र, गुराख्यानं हाळी दिली, काठी आपटली, आणि सगळा कळप धुरळा उडवीत नाल्याकडं वळला. तहानलेली ढोरं पाण्याकडं मान वळवून हंबरत होती आणि हा त्यांना पाण्यापासून दूर हाकत होता.

"शालिग्राम! अरे, पानी तर पिऊ दे त्याहिले!"

शालिग्राम थांबला, पण जवळ आला नाही. मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसत तिथूनच ओरडला, "मास्तर, हात जोडतो. घरी जा. ढोराइकडे पाहू नका."

"काऊन?"

"मले नका इचारू. गावात इचारा."

इंद्रभाननं पेटी मिटली. उन्हाचा असा तडाखा होता की खडक हाताला भाजत होते. तो गावाकडं निघाला.

टेकाडी म्हणजे धाडच्या वरच्या पठारावरची लहानशी वस्ती. खाली काळी जमीन, वर नुसता माळ. पावसाळ्यात गुडघाभर गवत आणि उन्हाळ्यात करपलेली कुसळं. इंद्रभान इथलाच. मुंबईला चित्रकला शिकून आला आणि बुलढाण्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागला. थोरला भाऊ रामराव गावी शेती बघायचा. शाळेला सुट्टी लागली की इंद्रभान एस.टी.नं धाडला उतरायचा, पेटी काखेत मारायचा आणि चढ चढून थेट माळावर यायचा.

तेलरंग झाले, पाण्याचे रंग झाले. पण त्याचं मन बसलं ते पेस्टलच्या खडूंवर. ब्रश नाही, पाणी नाही. खडू कागदावर ओढायचा आणि बोटानं पसरायचा. माळ काय, ढोरांच्या पाठीवरचं ऊन काय, सगळं धुळीचंच. आणि खडू तरी दुसरं काय, रंगीत धूळच. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून चित्रावर फुंकली की रंग पक्का होतो, पण त्यानं चित्रातला उजेड मरतो. म्हणून तो फुंकायचा नाही. त्याचं चित्र नुसतं बोट लागलं तरी हलायचं. वर्षभर काढलेली चित्रं त्यानं मधे पतंगी कागद घालून रामरावच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवली होती. महाराष्ट्र राज्य होऊन तिसरं वर्ष चाललं होतं. मुंबईत पावसाळ्यानंतर एक मोठं प्रदर्शन भरायचं होतं, आणि टेकाडीची गुरं तिथं न्यायची असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

घरी आला तर रामराव ओसरीवर गुडघ्यात मान घालून बसलेला.

"दादा, गावात काय झालं?"

रामराव मान न उचलता म्हणाला, "ढोराइले बुळकांडी आली. धाडच्या बाजारातून आली म्हनतात. अंबूबाईची चांदी गेली. सत्यभामाबाईची कालवड गेली. भगवंतरावचा हौशा गेला. आता घरोघर ढोरं पडून राह्यली."

"मंग शालिग्राम मले काऊन हाकलून राह्यला?"

"इंद्रा," रामरावनं मान वर केली, "पहिले गेली ती तिघंच. चांदी, कालवड अन् हौशा. तिघाइलेही तूच रंगवलं होतं."

इंद्रभानला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलंच नाही. होळीनंतरच्या सुट्टीत त्यानं ती चित्रं काढली होती. तिन्ही खरंच चांगली उतरली होती.

"लोकं म्हनतात, मास्तर ढोराच्या अंगातलं काढून कागदावर घेते."

"अन् तू काय म्हनतो?"

रामराव उठला आणि गोठ्याकडं गेला. गोठ्यात त्याचा पवळ्या होता. पांढराशुभ्र, डोळ्याभोवती काजळ घातल्यासारखा काळा. जोडीचा बैल म्हातारा झालेला. सगळी शेती या एका पवळ्यावर उभी होती. आणि पवळ्याचंही चित्र ट्रंकेत होतं.

सोमवारी बुलढाण्याहून ढोरांचे डॉक्टर वामनराव आले. मधल्या वयाचे, घामानं डबडबलेले, खांद्याला मोठा थर्मास. त्यांनी चावडीसमोर उभं राहून सांगितलं की लस टोचा, दुसरा इलाज नाही. माणसं जमली होती, पण एकानंही दावं सोडलं नाही.

"सुई टोचली का गाभन गाय गाभडते," कुणीतरी म्हणालं.

"अन् पहिले हे तर बंद करा," भगवंतराव म्हणाला. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. उंच, रेखीव चेहऱ्याचा माणूस, पण हौशा गेल्यापासून त्याच्या डोळ्यांत झोप नव्हती. त्यानं इंद्रभानकडं बोट केलं. "घरातूनच ढोरं खाऊन राह्यला, अन् वरून सुई टोचा म्हने!"

अंबूबाई गर्दीत मागं उभी होती. एकट्या बाईची एकटी गाय होती चांदी. ती नुसती इंद्रभानकडं पाहत राहिली. ते पाहणं त्याला भगवंतरावच्या बोटापेक्षा जड गेलं.

"दादा," तो रामरावच्या कानाशी लागला, "आपल्या पवळ्याले टोचू. लोकं पाहतीन तरी."

रामरावच्या कपाळाची शीर उडाली. पण धाकट्या भावाचा शब्द त्यानं भर गावात खाली पडू दिला नाही. पवळ्याला बाहेर आणलं. वामनरावांनी टोचलं आणि जाताना बजावलं, "तीन-चार दिवसांनी ताप येईल, चारा सोडेल. घाबरू नका, लसीचा ताप आहे तो. मी रविवारी परत येतो."

"अन् अंगात बीमारी पहिलेच घुसली असंल तर?" रामरावनं विचारलं.

डॉक्टर घुटमळले. "मग लसीचा उपयोग नाही. पण तसं नसेल."

गुरुवारी पवळ्यानं चारा सोडला. शुक्रवारी तो बसला तो उठेना. कान तापले, नाकपुड्या कोरड्या पडल्या. लसीचा ताप की बुळकांडीचा, हे सांगणारा गावात कुणी नव्हता. सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात. येणारा-जाणारा गोठ्याच्या कुडावरून डोकावून पुढं होई. इंद्रभान विहिरीवर गेला तर बायका कळशा अर्ध्या टाकून बाजूला झाल्या. घरात वहिनी अन्नपूर्णाबाई ताट वाढायची, पण त्याच्याकडं बघायची नाही.

रात्रंदिवस एकच विचार इंद्रभानचं डोकं कुरतडत होता. खरंच असेल तर? मुंबईत असता तर त्यानं ही गोष्ट हसण्यावारी नेली असती. पण इथं, जिथं तो लहानाचा मोठा झाला, दृष्ट काढलेल्या मीठमोहऱ्या चुलीत तडतडताना ऐकल्या, तिथं हसू येत नव्हतं. चित्र काढताना त्यालाही वाटायचंच, की ढोराचं काहीतरी कागदावर येतं. ते येतं कुठून?

शनिवारी दुपारी रामराव आत आला. त्याच्या हातात ट्रंकेची किल्ली होती.

"पुस."

"दादा..."

"पवळ्या मान टाकून राह्यला. मी तुले कधी काही मागतलं नाही. तू शिकला, नोकरीले लागला, मी काही म्हनलं नाही. आज मागतो. त्याचं चित्र पुस."

इंद्रभाननं ट्रंक उघडली. पवळ्याचं चित्र सापडेपर्यंत वरची तीन चित्रं त्यानं जमिनीवर ठेवली. ती नेमकी चांदी, कालवड आणि हौशा होती. त्यांच्या शेजारी पवळ्या ठेवला आणि तळहात कागदावर टेकवणार, तोच तो थबकला.

चार ढोरं जमिनीवर शेजारी शेजारी उभी होती. पवळ्याचे कान पुढं होते. नाकपुडी ओली, तिच्यावर त्यानं निळसर पांढऱ्या खडूचा ठिपका दिला होता. डोळा असा की आता शिंग मारील. आणि चांदी? चांदीचा कान पडलेला. पाठीचा कणा किंचित वर आलेला. डोळ्याखालून गालावर एक ओघळ उतरत होता. तो ओघळ काढायला त्याला किती वेळ लागला होता! दुपारच्या तिरप्या उन्हात तो चकाकत होता आणि त्या चकाकीवर तो लुब्ध झाला होता. कालवडीचंही तसंच. हौशाचंही. तिघंही कळपापासून बाजूला, मान खाली घालून, शांत उभी.

शांत! पळत्या ढोराचं पेस्टल होत नाही. इंद्रभान माळावर बसून नेहमी तेच शोधायचा, जे जनावर हलत नाही, जे अर्धा-पाऊण तास एका जागी उभं राहतं. होळीनंतर तशी तीन मिळाली आणि तो खूष झाला. ती का हलत नव्हती, हे त्यानं विचारलंच नाही.

"दादा, हे पाह्य!" तो जवळजवळ ओरडला. "मी काढलं म्हनून नाही मेली ती. मरायले लागली होती, म्हनून मले काढता आली! हे पाह्य, हा कान, हे डोयातलं पानी. अन् पवळ्या पाह्य. काढला तवा ठणठणीत होता. त्याले बुळकांडी नाही दादा, लसीचाच ताप असंल."

"असंल?" रामराव म्हणाला. "असंल? बैल माहा हाय, इंद्रा. पुस म्हनतो ना!"

"पुसलं तर ते म्हनतात ते खरं हाय असं होईन. मंग कोनीच टोचून घेनार नाही."

रामरावनं पुढं काही ऐकलं नाही. तो खाली वाकला, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि पवळ्याच्या अंगावरून जोरानं फिरवलं. एकदा, दोनदा, पुन्हा. कागदावर राखेसारखा एक डाग उरला. उपरण्याला पांढरा आणि काळा रंग लागला होता. ते तसंच हातात धरून थोरला भाऊ भिंतीला टेकला आणि लहान पोरासारखा रडला. इंद्रभाननं त्याला हातही लावला नाही. लावायचं धैर्य झालं नाही.

रविवारी उजाडताना पवळ्या उठला. पाणी प्याला, शेपूट झाडली आणि कडब्याला तोंड लावलं.

ही बातमी वाऱ्यासारखी फिरली. पण ती फिरली अशी, की मास्तरच्या भावानं चित्र पुसलं आणि बैल उठला. डॉक्टर वामनराव थर्मास घेऊन चढ चढून आले तेव्हा रामरावच्या अंगणात सगळं गाव लोटलं होतं. भगवंतराव पुढं उभा होता, पण आज त्याचा आवाज चढला नव्हता.

"मास्तर, झालं ते झालं. आता बाकीचेही पुसा. सगळे. तुमी पुसा, मंग आमी ढोरं सुईले आनतो. ह्या गावच्या सगळ्याइच्या वतीनं सांगून राह्यलो."

"भगवंतराव, माह्यं आयका एकडाव," इंद्रभान म्हणाला. त्यानं चांदीचं चित्र बाहेर आणलं, दोन्ही हातांनी सगळ्यांना दिसेल असं धरलं. कान दाखवला, डोळा दाखवला, ओघळ दाखवला. "ही तवाच बीमार होती. हे तिघंही. मी काढलं त्याच्या आधीपासून. पवळ्या सुईच्या तापानं पडला होता, सुईचा ताप उतरला म्हनून उठला."

"मंग पुसल्यावरच काऊन उठला?"

"आज उठनारच होता."

गर्दीतून कुणी हसलं, कुणी चुकचुकलं. मग माणसं बाजूला सारत अंबूबाई पुढं आली. तिनं चित्राकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. सुरकुतलेलं बोट चांदीच्या डोळ्यापाशी नेलं, पण लावलं नाही.

"खरं बोलून राह्यला हा," ती म्हणाली. "असंच पानी येत होतं तिच्या डोयातून. मले वाटलं, कुसळ गेलं असंल." मग तिनं इंद्रभानकडं पाहिलं. "पन बापू, तुले एवढं बारीक दिसलं. घडीभर बसून तू ते रंगवत राह्यला. मंग मले सांगतलं काऊन नाही?"

नजर लागते हा आरोप त्याला खोडता येत होता. हा आरोप वेगळा होता. मला ठाऊक नव्हतं, असं तो म्हणू शकला असता आणि ते खरंही होतं. पण ओघळ तर त्यानं पाहिला होता. पाहिला, सुंदर म्हणून पाहिला, आणि पेटी मिटून घरी आला होता.

"नाही सांगतलं, मावशी," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

वामनरावांनी घसा खाकरला. थर्मासचं झाकण उघडून आत पाहिलं. "मास्तर, मी तुम्हाला पुसा म्हणणार नाही. माझ्या तोंडून ते यायचं नाही. पण बर्फ वितळत चाललाय. संध्याकाळपर्यंत लस टिकेल, पुढं नाही. आणि वरचे साहेब मला पुन्हा इकडं कधी पाठवतील, सांगता येत नाही."

इंद्रभाननं अंगणभर नजर फिरवली. माणसांच्या मागं कुडापलीकडं गुरं बांधलेली दिसत होती. काही रवंथ करत होती. एक गाय मात्र बाजूला उभी होती, मान खाली, कान पडलेला. आता ते त्याला लगेच दिसलं.

"वहिनी," तो म्हणाला, "घमेल्यात पानी आन. अन् फडकं."

रामराव पुढं झाला. "इंद्रा, राहू दे. मी त्याहिले समजावतो..."

"त्याले टाइम नाही, दादा."

ट्रंक अंगणात आली. पहिलं चित्र निघालं ते संध्याकाळच्या कळपाचं, नाल्यातून वर येणाऱ्या ढोरांचं. ओलं फडकं फिरलं तशी आधी पुढची म्हैस गेली, मग तिच्यामागचा धुरळा, मग माळ. एकेका चित्राकडं त्यानं थांबून पाहिलं नाही. नाहीतर जमलंच नसतं. तो खाली बघून पुसत राहिला. काही माणसांनी माना वळवल्या. भगवंतराव शेवटपर्यंत बघत उभा होता. हौशाचं चित्र निघालं तेव्हा मात्र तोच म्हणाला, "थांबा," आणि हात पुढं केला. पण मग तो हात त्यानं तसाच मागं घेतला आणि म्हणाला, "नाही, पुसा."

चांदीचं चित्र आलं तेव्हा अंबूबाई आडवी आली.

"हिले हात नको लावू. माह्यी गाय तर गेलीच. आता कोनाचं काय जानार हाय? दे मले."

भगवंतराव काही बोलणार होता, पण म्हातारीनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो मागं सरला. ती चित्र पदराखाली धरून निघून गेली.

दुपारनंतर गुरांची रांग लागली. शालिग्राम एकेक ढोर धरायचा, वामनराव टोचायचे. इंद्रभान रंगानं माखलेल्या हातांनी रांगेच्या तोंडाशी उभा राहिला आणि प्रत्येक जनावराचा डोळा, कान, नाकपुडी पाहू लागला. आधी लोक दचकले. मग त्यानं एक गाय बाजूला काढायला सांगितली, "हिले वेगळी बांधा, बाकीच्याइच्या पान्यावर सोडू नका." वामनरावांनी ताप पाहिला आणि मान हलवली. त्यानंतर कुणी त्याला अडवलं नाही. सूर्य डोंगराआड जाता जाता लस संपली.

बाजूला काढलेली ढोरं बहुतेक वाचली नाहीत. टोचलेली वाचली. पावसाळा लागेपर्यंत टेकाडीतली बुळकांडी हटली. का हटली, हे गावानं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं: मास्तरनं चित्रं पुसली म्हणून. सुईचं नाव कुणी घेतलंच तर मागाहून घ्यायचं. भगवंतरावनं त्याला घरी बोलावून टोपी-उपरणं दिलं, आणि त्या दिवशी त्याच्याशी मनापासून बोलला. रामरावनं मात्र त्या चित्रांचा विषय भावाजवळ पुन्हा कधी काढला नाही. इंद्रभान गावी आला की तो स्वतः धाडच्या स्टँडवर बैलगाडी घेऊन यायचा, पूर्वी कधी यायचा नाही तसा.

त्या वर्षी प्रदर्शनाला काही गेलं नाही.

टेकाडीच्या माळावर इंद्रभान पुन्हा बसला नाही. तसं कुणी बजावलं नव्हतं, तरी बसला नाही. हिवाळ्यात तो मोताळ्याकडच्या माळावर जाऊ लागला. तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. एकदा सकाळी उन्हं नुकती तापू लागली असताना बाभळीखाली एक तांबडी कालवड एकटी उभी दिसली. कळप पुढं निघून गेलेला. ती हलत नव्हती. मागून येणाऱ्या उन्हानं तिच्या पाठीची कड पेटल्यासारखी दिसत होती. इंद्रभाननं कागद टाचला, तांबडा खडू उचलला. मग तिनं मान वळवली आणि तिच्या डोळ्याखाली ओल चकाकली.

त्यानं खडू पेटीत ठेवला, पेटी तिथंच टाकली आणि दूरच्या शेतात दिसणाऱ्या माणसाकडं ढेकळांतून जवळजवळ पळत गेला. तो माणूस अर्जुनराव नावाचा शेतकरी होता. धापा टाकणाऱ्या या शहरी कपड्यांतल्या माणसाकडं त्यानं संशयानं पाहिलं.

"तुमी कोन हो?"

"ते मंग सांगतो. ती तांबडी कालवड तुमची काय? तिच्या डोयातून पानी येऊन राह्यलं. लवकर चला."

अर्जुनराव कुरकुरत आला. त्यानं कालवडीची मान काखेत घट्ट धरली, अंगठ्यानं पापणी उलटी केली, वाकून निरखलं आणि चिमटीत धरून एक कुसळ बाहेर ओढलं.

"हे घ्या," तो हसत म्हणाला. "एवढ्यासाठी धावत आले?"

त्यानं हात सैल केला. कालवडीनं डोकं झटकलं, चारी पाय उधळले आणि ती सुसाट कळपाच्या मागं गेली. इंद्रभान कुसळ तळहातावर घेऊन उभा राहिला. चित्र त्या दिवशी झालं नाही.